तारगावचा होम

मिरजेच्या लॉबीत आधी नळीत फुंकायचं,
मग सही, वॉकीटॉकी, दोन झेंडे, फटाक्यांचा डबा,
मग सतारमेकर साहेबांच्या मागून खडीवरून चालत
पाच नंबरला लागलेल्या मालगाडीकडं.
बेचाळीस डबे. साखर.
सतारमेकर निघाले साताऱ्याला, हा विनोद लॉबीत
इतका जुना झालाय की आता कुणी हसत नाही.
ते एकटे हसतात.

माझी ही तिसरी फेरी, रस्ता शिकायची.
रूळ तर ठरलेलेच, त्यात शिकायचं काय, आई म्हणाली.
तिला वही दाखवली:
माधवनगर, होम, बाभळीमागं, उशिरा दिसतो.
नांद्रे सोडलं की येरळेचा पूल, वेग बघणे.
ताकारीचं फाटक, ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस.
आईनं पानं उलटली नि विचारलं,
यात तुझं जेवायचं स्टेशन कुठलं?

जेवायचं नाही, पाण्याचं विचारायला हवं होतं.
इंजिनात सोय कुणासाठीच नाही,
पण पुरुषाला कुठलंही झुडूप चालतं.
मी सांगलीपासून कराडपर्यंत
नुसते ओठ ओले करते.

दर मिनिटाला एक बत्ती लागते, साहेब बटण दाबतात.
म्हणजे जागे आहोत.
नाही दाबलं तर गाडी आपणहून थांबते.
इतक्या नेमानं मला कुणीच कधी
जागी आहेस का, विचारलं नाही.

आणि सिग्नल ओरडून सांगायचा.
हात लांब, बोट रोखून. मी सांगायचा, त्यांनी सांगायचा,
दोघांचा रंग एक आला की पुढं.
आमच्या घरात सहा पुरुष, मला आवाज खाली ठेवायची सवय.
पहिल्या फेरीत ते म्हणाले,
"मगदूम, आवाज कवलापूरला ठेवून आलीस काय?
माझ्या कानात सांगू नको. गाडीला सांग."
मग भिलवडीला मी ओरडले, डिस्टंट, दोन पिवळे!
आणि फलाटावरचं कुत्रं उठून बसलं.

कराडला दीड तास उभे, एक्सप्रेस पुढं काढली.
पहाटे मसूर सोडलं तेव्हा नदीकडून धुकं आलं,
आधी रुळांवर, मग काचेवर.
तारगावचा होम.
त्यांनी हात लांब केला. "होम, हिरवा."
एवढ्या वर्षांत त्या जागी तो बहुतेकदा हिरवाच असणार.
मला पिवळा दिसत होता.
माझी जीभ एकदम घरची झाली.
"पिवळा," मी म्हणाले,
पंगतीत वाढताना विचारावं तसं.
मग खिडकीची कड धरून,
"पिवळा! साहेब, होम पिवळा!"

त्यांनी मान वळवली नाही. हात ब्रेकवर गेला.
बेचाळीस डबे एकामागं एक येऊन टेकले,
शेवटचा कितीतरी वेळानं.
स्टार्टर लाल. त्याच्या पल्याड, लांब,
कुणाच्या तरी गाडीचा मागचा दिवा
लुकलुकत होता.
बावीस मिनिटं.
आम्ही दोघं समोर बघत बसलो.

साताऱ्याच्या रनिंग रूममध्ये त्यांनी चहा केला,
माझ्या कपात दोनदा साखर घातली.
म्हणाले, "लहानपणी भावाच्या दुकानात तारा चढवायचो.
कान पक्का होता माझा.
डोळ्यांचं तिथं कुणी विचारत नव्हतं."
कपाचा कान फिरवत बसले.
"आज ओरडलीस तसंच ओरडायचं. माझ्यावरसुद्धा."

पुढच्या गुरुवारी मिरजेला त्यांची तपासणी आहे.
लॉबीतल्या फळ्यावर नाव लागलंय, सगळे वाचतात.
निवृत्तीला चौदा महिने.

ते झोपले. मी वही काढली.
तारगाव, होम, एवढं लिहून पेन थांबलं.
तिथं बाभूळ नाही. वळण नाही. चढ नाही.
मी लिहिलं, धुकं.
मग पाणी प्यायले,
दोन तांबे.